नफ्साशीं झगडा

आतां आपण मला हार घातलात, तेव्हां मला बगदादच्या एका गुरूची आठवण झाली.

मनुष्याच्या आंत 'मला, माझें' करीत बसणारी जी हांव, तिला मुसलमान साधु 'नफ्स' म्हणतात. वाईटाकडे ओढणारा नफ्स, चुकल्यावर स्वतःलाच दोष देणारा नफ्स आणि शांत झालेला नफ्स, असे तिन्ही कुराणांत आले आहेत. हांव पोटाचीच असते असें नाहीं. विद्येचीहि असते, आणि ती लवकर ओळखूं येत नाहीं.

इमाम गझाली हे लोंकर कांतणाऱ्याचे पुत्र, असें सांगतात. ते बगदादच्या निजामिया मदरशाचे आचार्य झाले. समोर ३०० विद्यार्थी, दरबारीं मान. पण स्वतःची झडती घेतां त्यांस दिसून आलें कीं, आपण शिकवितों तें देवासाठीं नव्हे, नांवासाठीं. सुमारें ६ महिने सकाळीं निघण्याचा निश्चय, संध्याकाळीं तो ढिला! अखेर जीभ अडली, घांस उतरेना, हकीमांनीं हात टेकले. इ. स. १०९५ मध्यें मुलांबाळांपुरतें ठेवून बाकीचें धन त्यांनीं वांटलें व दमास्कसला जाऊन मशिदीच्या मनोऱ्यांत ते दार लावून बसूं लागले.

आमच्याकडे विद्येच्या ताठ्याला तोटा नाहीं. पण आपल्या विद्येची अशी झडती घेणारा पंडित दाखवा! आणि दुसऱ्यांकडे बोट कशाला? अध्यक्षाच्या खुर्चीवरून आपल्याच सभा मोडलेल्या मीं पाहिल्या आहेत.

११०६ मध्यें गझाली निशापुरांत पुन्हां शिकवूं लागले. पूर्वीं मान मिळविण्याची विद्या शिकवीत होतों, आतां मान सोडण्याची शिकवितों, असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे.