आपत्ती, कायदा आणि आपली शाळा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर भूकंप-महापुराचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण या विषयाचा आजचा सरकारी कारभार समजून घ्यायचा, तर सुरुवात आपल्या मराठवाड्यापासूनच करावी लागते.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या जवळपास माणसे गेली. भूकंपाच्या सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर लाकडावर मातीचे जड धाबे; उन्हापासून पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी राखले ती घरेच झोपलेल्यांच्या अंगावर आली. मदतीला तोटा पडला नाही. देशभरातून धान्य आले, कपडे आले, लष्कर आले. पण कोणी काय करायचे, हे आधी ठरलेले नव्हते. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून मोठे पुनर्वसन झाले, ५२ गावे नव्या जागी वसली, आणि त्याच ओघात महाराष्ट्राने राज्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार केला. माझ्या मते घरांइतकेच हे काम मोलाचे होते.

देशाला मात्र आणखी किंमत मोजावी लागली. १९९९ चे ओडिशातील चक्रीवादळ, २००१ चा भूज, २००४ ची त्सुनामी. दिल्लीत हा विषय पूर्वी कृषी मंत्रालयाकडे असे, कारण संकट म्हणजे दुष्काळ हेच समीकरण. २००२ मध्ये दुष्काळ तेवढा मागे ठेवून तो गृह मंत्रालयाकडे गेला. डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याचे मुख्यमंत्री, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी व त्यांच्या जोडीला जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. २००९ मध्ये राष्ट्रीय धोरण आले. २०२५ च्या दुरुस्तीने महानगरपालिकांच्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरण नेमण्याची सोय केली. म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरलाही तो मार्ग खुला आहे. लोकप्रतिनिधी मते मागायला येतील तेव्हा त्याविषयी जरूर विचारा.

परंतु जिल्ह्याच्या खाली काय? हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांनी सुकाळाच्या सात वर्षांतच धान्य कणसात राखून ठेवण्याची व्यवस्था सांगितली, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे. संकट आल्यावर देग चढवण्यात, जकात-सदका देण्यात आपला समाज कधी मागे राहिला नाही. सुकाळातल्या तयारीत मात्र आपण मागे आहोत, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणम येथे एका खाजगी शाळेला आग लागून ९४ मुले दगावली. त्यावरून झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निर्णय दिला की, सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. मग शाळा सरकारी असो वा खाजगी.

तेव्हा कार्यकारिणीला माझी विनंती आहे. नव्या वर्गखोल्यांसाठी देणग्या गोळा कराल, त्यातला थोडा भाग जुनी इमारत अभियंत्याकडून तपासून घेण्यासाठी काढा. जिन्याखाली मोडकी बाके रचू देऊ नका. वर्षातून दोनदा घंटा देऊन सगळे वर्ग मैदानात आणून पाहा, आणि किती मिनिटे लागली ते फळ्यावर लिहा. रात्री फाटकाची किल्ली कोणाकडे असते, हे शेजारच्या मोहल्ल्यालाही माहीत असू द्या. घरात पाणी शिरले की लोक आसऱ्याला शाळेकडेच धावतात.