टाकाऊ मालाची सोयरीक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा मंगल प्रसंगी तप, दान, स्वाध्याय यांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने आजचा विषय रुक्ष, किंबहुना काहीसा अस्वच्छ वाटेल. तो कचऱ्याचा आहे. घरातील केराचा नव्हे, तर दुकान, गिरणी आणि कारखाना यांतून रोज बाहेर पडणाऱ्या टाकाऊ मालाचा. मात्र जैन शासनाने टाकण्याच्या क्रियेला कधीच गौण मानलेले नाही. साधु-साध्वींसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी पाचवी, म्हणजे पारिष्ठापनिका समिती, ही केवळ त्यासाठीच आहे. जे टाकायचे ते जागा पाहून, जीव पाहून, कोणालाही पीडा होणार नाही अशा रीतीने टाकावे, एवढाच तिचा आशय. श्रावकाला ती साधूइतक्या कठोरपणे बंधनकारक नाही, हे खरे. तरीही दुकानाचे शटर ओढताना मागील बाजूस भिरकावलेल्या पोत्याचे पुढे काय होते, हा प्रश्न त्याच समितीच्या घरचा आहे.

वरसे गावाचे स्थान या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. एका अंगाला रोह्याची बाजारपेठ, तिच्यातील कापडाची, किराण्याची, भांड्यांची दुकाने व शिंपी. आसपास भातगिरण्या आणि वीटभट्ट्या. आणि हाकेच्या अंतरावर धाटावची औद्योगिक वसाहत, जिथे रंगद्रव्ये आणि नाना प्रकारची रसायने तयार होतात. या सर्वांना पाणी पाजणारी आणि या सर्वांचे सोसणारी कुंडलिका. एकाच्या अंगणात जे निरुपयोगी पडून आहे ते दुसऱ्याला पैसे मोजून आणावे लागते, असे प्रसंग एवढ्या छोट्या परिघात नित्य घडत असणार. उणीव मालाची नाही, ओळखीची आहे. वधू-वर परिचय मेळावे भरवणाऱ्या समाजाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नसावी.

जुन्या काळी ही सोयरीक आपोआप जुळत असे. शंभर किलो भात भरडले की सुमारे २० किलो तूस निघतो. तो गिरणीच्या मागे कुजत पडला तर उपद्रव. पण वीटभट्टीवाल्याच्या दृष्टीने ते जळण. उरलेली राख भांडी घासायला आणि दात घासायलाही वापरली जाई. गिरणीवाला आणि भट्टीवाला एकमेकांना ओळखत असत. कोणा मध्यस्थाची आवश्यकताच नव्हती. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण तर चालतीबोलती विनिमय संस्थाच होती. कोणत्या घरात धोतरे निघतात, कोणत्या घरी पातळे, आणि कोणत्या माणसाला त्यांतले काय हवे असते, हा सारा हिशेब तिच्या तोंडपाठ असे. तिच्याकडे पदवी नव्हती, परंतु तिच्या धंद्याची नीट नोंद कोणी ठेवली असती तर व्यापारशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती उपयोगी पडली असती.

कापड व्यवसायातील उदाहरण थोडे विस्ताराने पाहणे इष्ट ठरेल. शिंप्याच्या यंत्राखाली दिवसभर कातरण साठते. त्यात सुती असते, टेरिकॉट असते, नायलॉनची किनार असते, अस्तराचे तुकडे असतात. हा सर्व माल एकाच पोत्यात कोंबला की त्याची किंमत शून्य होते. याउलट धाटावसारख्या वसाहतीत यंत्रे, पंप, फरशी यांवरील तेल-ग्रीस पुसण्यासाठी चिंधी सतत लागते. मग ती शेजारच्या शिंप्याकडून का घेतली जात नाही? कारण कारखान्याला ‘चिंधी’ नको असते, सुती चिंधी हवी असते. पॉलिएस्टरचे कापड सुती कापडासारखे शोषून घेत नाही, बरेचसे पसरवते. शिवाय जिथे ज्वालाग्राही द्रावके हाताळली जातात तिथे कृत्रिम धाग्याचे कापड घासल्याने स्थिर विद्युत निर्माण होऊन ठिणगी पडण्याचे भय असते. तुकड्यात राहिलेले एखादे बटण वा चेन गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडा काढते. म्हणजे शिंप्याने यंत्राशेजारी एकाऐवजी दोन पोती ठेवली, सुती वेगळे आणि मिश्र वेगळे, बटणे काढून टाकली, की त्याच कातरणाला गिऱ्हाईक मिळू शकते. तागा संपल्यावर उरणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या, गाठीवरचे बारदान, पॅकिंगच्या पट्ट्या यांचीही गत हीच. वेगळे ठेवले तर तो माल असतो, एकत्र केले की कचरा होतो. व्यापाऱ्याला हे सांगावे लागावे, याचे मात्र नवल वाटते.

यात ऋतूचाही विचार आहे. कोकणच्या पावसाळ्यात दमट पोते आठवडाभर कोपऱ्यात राहिले की त्यावर बुरशी धरते, किडे-उंदीर येतात. बुरशीला अनंतकाय मानणाऱ्या श्रावकाने चातुर्मासात भाजीपाल्याबाबत पाळलेली जयणा दुकानाच्या मागील खोलीत मात्र विसरावी, हे सुसंगत नाही. माल लवकर उचलला जाणे ही केवळ आर्थिक सोय नव्हे.

आता याच चिंधीचा पुढचा प्रवास. कारखान्यात तेलाने आणि रसायनाने माखल्यावर तीच चिंधी दुसऱ्या जातीत जाते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये घातक व अन्य कचऱ्यासंबंधी जे नियम अधिसूचित केले, त्यांच्या पहिल्या अनुसूचीत दूषित सुती चिंध्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ती भंगारवाल्याला देता येत नाही, उघड्यावर जाळता येत नाही. ती तळोजा येथे आहे तशा अधिकृत प्रक्रिया केंद्रातच जावी लागते. हे केवळ सरकारी कटकटीचे कलम नाही. जवसाच्या तेलासारख्या हवेत वाळणाऱ्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कोणी काडी न लावताही आतल्या आत तापून पेट घेऊ शकतो.

त्याच अनुसूचीत चिंध्यांच्या लगतच रिकाम्या, दूषित पिंपांची नोंद आहे, आणि या विषयातील खरा धोका तिथे आहे. दोनशे लिटरचे निळे प्लॅस्टिकचे पिंप कोकणात कोणाला नको असते? पाऊस धो धो पडूनही उन्हाळ्यात ज्या वाड्यांवर पाण्याची टंचाई होते, तिथे असे पिंप म्हणजे घरातील मोलाची वस्तू. ते स्वस्तात मिळाले तर कोणीही आनंदाने घेतो, आणि देणाऱ्यालाही गरिबाचे काम केल्याचे समाधान लाभते. परंतु त्या पिंपात पूर्वी काय होते? कीटकनाशक होते, द्रावक होते की साधा गूळपाक होता, हे बाहेरून दिसत नाही. लेबल फाटलेले असते. प्लॅस्टिकच्या भिंतीत काही द्रावके मुरतात. तीन वेळा धुतल्याने ती पूर्णपणे जात नाहीत आणि पुढे पाण्यात हळूहळू उतरत राहतात. सोयरीक जुळवताना स्थळाची चौकशी करतात, आजार लपवलेला नाही ना हे विचारतात. पिंपाबाबत ही चौकशी कोणीच करीत नाही.

श्रावकाच्या बारा व्रतांत आठवे अनर्थदंड विरमण व्रत आहे. त्यात ‘हिंस्रप्रदान’ हा दोष सांगितला आहे: शस्त्र, विष, अग्नी यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा समावेश आहेच. आजवर या शब्दांचा अर्थ तलवार आणि सोमल असा सांगितला गेला. न सांगता दिलेले पिंप त्यात बसते की नाही, याचा निर्णय गुरुभगवंतांनी करावा; पण ज्या घरातील मूल त्या पाण्याने तोंड धुते त्या घरापुरता तरी तो अर्थ फारसा वेगळा नाही. म्हणून टाकाऊ मालाचा विनिमय हे सरसकट पुण्यकर्म मानण्याची घाई करू नये. माल काय आहे, त्याचा स्पर्श कशाकशाला झाला आहे, आणि घेणारा त्याचे काय करणार आहे, या तीन गोष्टी कळल्यावरच तो विनिमय उचित ठरतो.

इतरत्र हे काम कसे झाले, ते थोडक्यात पाहू. डेन्मार्कमधील कालुन्डबोर्ग या लहान बंदरगावात १९७२ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यातील जादा वायू शेजारच्या जिप्समच्या पत्र्यांच्या कारखान्याला जळण म्हणून मिळू लागला; पुढे वीजकेंद्राची वाफ, राख, जिप्सम अशी देवाणघेवाण वाढत गेली. कोणत्याही सरकारी आराखड्याशिवाय हे घडले. गाव लहान होते आणि व्यवस्थापक एकमेकांना ओळखत होते. ब्रिटनमध्ये २००५ साली देशव्यापी झालेल्या योजनेत निरनिराळ्या धंद्यांच्या लोकांना एका खोलीत बसवून ‘आमच्याकडे काय उरते’ आणि ‘आम्हाला काय हवे’ एवढेच कागदावर लिहायला सांगत. पुढे इंग्लंडमध्ये सरकारी अनुदान थांबले आणि त्या कामाचा पूर्वीचा विस्तार राहिला नाही.

आपल्या देशातील दाखला अधिक बोलका आहे. म्हैसूरजवळच्या नंजनगूड औद्योगिक क्षेत्राचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे वर्षाला सुमारे ९ लाख टन टाकाऊ पदार्थ निर्माण होत होते आणि त्यांतील ९९.५ टक्के पुन्हा उपयोगात येत होते. हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये, कारण त्यातील मोठा वाटा एका ऊस प्रक्रिया उद्योगाचा होता, आणि तोही स्वतःच्याच आवारात वापरला जाणारा. पण कारखान्यांनी थेट एकमेकांना दिलेल्या मालापैकी ९० टक्क्यांहून अधिक माल २० किलोमीटरच्या आत राहिला, ही बाब रोहेकरांनी ध्यानात घ्यावी. हलका आणि स्वस्त माल लांब नेला तर भाड्यातच त्याची किंमत संपते.

रसायनांच्या बाबतीत मात्र हौशी मध्यस्थाने हात घालू नये. वापरलेले गंधकाम्ल सुपर फॉस्फेट खतासाठी जाते, ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणापासून सांडपाणी निवळण्याचे द्रव्य बनते, हे सर्व शक्य आहे. परंतु त्यासाठी केंद्रीय मंडळाने ठरवलेली कार्यपद्धती, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि मालासोबत जाणारे सात प्रतींचे नोंदपत्र लागते. बिल्टी आणि चलन यांची सवय असलेल्या व्यापाऱ्याला त्या सात प्रतींचे मर्म पटकन उमगेल: माल निघाला तो पोहोचला की नाही, याचा जबाब देणाऱ्याला परत मिळाला पाहिजे. कमी प्रतीच्या मालालाही हाच न्याय छोट्या प्रमाणात लावता येईल.

यास्तव सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने एक साधी नोंदवही सुरू करावी, अशी नम्र सूचना आहे. तिच्यात कातरण, पुठ्ठा, बारदान, लाकडी खोकी, तूस, वापरण्याजोगे फर्निचर असा निर्धोक मालच नोंदवावा. रसायनाचा स्पर्श झालेली वस्तू, मग ती कितीही चांगली दिसो, तिच्यात घेऊ नये. अनुदानावर चालणाऱ्या योजना अनुदानाबरोबर संपतात. पन्नास वर्षे अखंड चाललेल्या संस्थेची वही सहसा मध्येच बंद पडत नाही. दुसरे असे की शिंपी, गिरणीवाला, भंगारवाला आणि कारखान्याचा खरेदी अधिकारी या चौघांनाही ओळखणारा माणूस बाजारपेठेतील दुकानदारच असतो. भंगारवाल्याच्या पोटावर पाय येणार नाही, एवढी खबरदारी मात्र घ्यावी. तो या साखळीतील जुना भागीदार आहे, त्याला वहीच्या बाहेर ठेवून काम सुरळीत होणार नाही.

पहिली बैठक पावसाळ्यापूर्वी, वैशाखात व्हावी, म्हणजे सुकी कातरण सुकी असतानाच जाईल. वही ठेवण्याचे काम वयस्कर विश्वस्तांकडे न देता समाजातील ज्या तरुणांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आहे, त्यांच्याकडे द्यावे. पिंपावरचे अर्धे फाटलेले लेबल वाचून ‘हे नको’ असे ठामपणे म्हणणारे कोणीतरी तिथे बसलेले असले पाहिजे.