बोटाएवढा संगणक आणि आपले हात
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपती ही चौदा विद्या आणि चौसष्ट कलांची देवता. त्या यादीत मायक्रोकंट्रोलर सापडणार नाही, तरी आज आम्ही बोलणार आहोत ते त्याच्याविषयीच. सुर्ला म्हटले की काहींना चोर्ला घाटावरचे सत्तरीतले गाव आठवते. आम्ही डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्याचे. इथे आम्ही काही हौशी मंडळी संध्याकाळी एका टेबलाभोवती बसून ही विद्या शिकतो. कोणी शिक्षक, कोणी वायरमन, कोणी निवृत्त, दोघे-तिघे शाळकरी. संगणकाची पदवी आमच्यात बहुतेकांकडे नाही.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर मावलेला छोटा संगणक. तो तुमच्या वॉशिंग मशीनमध्ये आहे, टीव्हीच्या रिमोटमध्येही आहे. आम्ही शिकतो ते आर्डुइनो उनो या बोर्डावर. आर्डुइनोची सुरुवात २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी विद्यार्थ्यांसाठी झाली. उनोवरच्या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट जागा आणि चालू कामासाठी अवघे २ किलोबाइट. आजचे हे भाषण त्या दोन किलोबाइटमध्ये साठवायचे म्हटले, तर त्याचा पाव हिस्साही मावणार नाही.

एवढ्याशा जागेत संसार करायचा तर भाषा काटकसरी हवी. सी भाषा तशी आहे. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ती १९७२ च्या सुमारास घडवली. आर्डुइनोची भाषा खरे तर सी प्लस प्लस, पण आम्ही लिहितो ते बहुतांश साधे सी. इथे प्रत्येक आकड्याला किती जागा द्यायची, हे आपणच ठरवायचे असते.

याचे उदाहरण मखराच्या दिव्यांतून देतो. दिवे ठरावीक वेळाने बदलायचे तर बोर्डाचे घड्याळ पाहावे लागते. ते सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजते. हा आकडा ‘इंट’ नावाच्या डब्यात ठेवला तर या चिपवर तो डबा ३२,७६७ ला भरतो. म्हणजे बत्तीस सेकंद दिवे झकास चालतात आणि पुढे भलतेच वागू लागतात. नवशिक्याला वाटते, वायर ढिली झाली. दोष वायरचा नसतो, डबा लहान पडलेला असतो. मोठा डबा, म्हणजे ‘अनसाइन्ड लाँग’, घेतला की तो सुमारे ४९ दिवस पुरतो. गणपती दीड दिवसाचा असो की एकवीस दिवसांचा, मखराचे काम निभावते.

पण तेच घड्याळ पाण्याच्या टाकीवर बसवले तर? टाकीला विसर्जन नाही, ती वर्षभर चालायची. पन्नासाव्या दिवशी घड्याळ शून्यावर येणारच. त्यासाठी ‘आता किती वाजले’ असे न विचारता ‘मागच्या वेळेपासून किती गेले’ अशी वजाबाकी करायची. मग शून्यावरून उडी पडली तरी उत्तर बरोबर येते. ही एक ओळ समजायला आम्हाला एक अख्खी संध्याकाळ लागली आणि ती संध्याकाळ सत्कारणी लागली.

टाकीचे काम आम्हाला जिव्हाळ्याचे. खाणपट्ट्यातल्या माणसाला विहिरीच्या पाण्याची काळजी वेगळी सांगावी लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत टाकी भरून वाहिली तर ते पाणी वाया, आणि विहिरीत पाणी नसताना पंप फिरत राहिला तर मोटर जळाली. टाकीच्या झाकणाखाली एक सेन्सर बसवायचा. तो माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत येईपर्यंतचा वेळ सांगतो. त्या मायक्रोसेकंदांना ५८ ने भागले की पाण्यापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मिळते. पाणी हलत असते, म्हणून पाच मापे घेऊन मधले धरायचे. पावसाळ्यात दमटपणा फार, म्हणून सेन्सर बंदिस्त जातीचा घ्यायचा.

आणि वीज गेली तर? आमच्याकडे पावसात ती जातेच. बोर्ड पुन्हा सुरू होताच पहिले काम पंप बंद ठेवण्याचे. माप विचित्र आले तरीही पंप बंद. प्रोग्रॅम कुठे अडकला तर ‘वॉचडॉग’ नावाचा राखणदार बोर्डाला पुन्हा सुरू करतो. चालू कधी करायचे हे कोणीही लिहितो. शंका आली की थांबायचे, हे लिहिणे ही खरी शिकवण. एक नियम मात्र आम्ही मोडत नाही. आमची हद्द ५ व्होल्टपर्यंत. २३० व्होल्टची जोडणी जाणकार वायरमनच करणार, मुले त्याला हात लावणार नाहीत.

आता मूळ मुद्दा. २०१२ साली गोव्यातले खाणकाम थांबले. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्या काळात ट्रक दारात उभे राहिले आणि त्यांच्यासोबत ते दुरुस्त करणारे हातही. आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखणारी ही माणसे. दिवे आणि टाकी जुळवताना आमच्या ध्यानात आले, की बिघाड शोधण्याची ती शिस्त सी भाषेलाही तशीच लागते : एका वेळी एकच गोष्ट बदला, तपासा, मग पुढे जा. ही विद्या आली म्हणजे लगेच नोकरी मिळेल, असे आम्ही सांगणार नाही. पण घरातली वस्तू बंद पडली की ती फेकण्याआधी उघडून पाहण्याचे धैर्य येते. गावातली ही नजर पुढच्या पिढीकडे न जाता संपली, तर ते नुकसान कोणत्याही हिशेबात दिसणार नाही.

भाषेची अडचण आहे का? मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात सी भाषेचे धडे मराठीतही आहेत. आम्ही प्रोग्रॅममधल्या टिपा मराठीत लिहितो. ‘इथे पंप बंद’ असे लिहिलेले आजोबांनाही वाचता येते आणि नातवालाही. मग दोघे एका टेबलावर बसू शकतात. गोव्याच्या शाळांतून कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना आली आहे, पण शाळेत पेटलेला दिवा घरी येऊनही पेटता राहायला हवा.

म्हणून मंडळाला आमची विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या देखाव्यातले दिवे भाड्याने आणू नका. चार महिने आधी एक टेबल, दोन-तीन बोर्ड आणि आठवड्याची एक संध्याकाळ द्या. नातवंडांना पाठवा आणि त्यांच्यासोबत स्वतःही या. शिकवणारे आम्ही नाही, आम्हीही शिकणारेच. पण सोबत मिळाली तर विद्या लवकर मुरते.

 गणपती बाप्पा मोरया!