घरच्या लिनक्स संगणकास प्रिंटर जोडताना
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



गेल्या सत्रात घटक चाचणीच्या आदल्या दिवशी बाजारपेठेतील एका झेरॉक्सच्या दुकानात मी उभा होतो. दुकानातील संगणकावर सातवीची प्रश्नपत्रिका उघडी होती आणि तिच्या शेजारी विद्यार्थ्यांची आधार क्रमांकांसह यादीही. ज्या शिक्षकाने ती आणली, तो छापील प्रती घेऊन केव्हाच निघून गेला होता. मी त्यास दोष देत नाही. शाळेत प्रिंटर नसेल, किंवा असून शाई नसेल, तर त्याने जावे कोठे? परंतु आपणांपैकी अनेकांच्या घरी आता वायफाय आहे, आणि विंडोज चालेनासे झालेल्या जुन्या संगणकावर कित्येकांनी लिनक्स बसवून घेतले आहे. अशा संगणकास वायफायवरील प्रिंटर सहज जोडता येतो.

लिनक्सवर प्रिंटर चालत नाही, हा समज आता जुना झाला. तेथे छपाईचे काम ‘कप्स’ नावाची प्रणाली पाहते. मायकेल स्वीट यांनी लिहिलेली ही प्रणाली १९९९ मध्ये लोकांपुढे आली आणि २००२ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या संगणकांसाठी तीच स्वीकारली. तेव्हा फुकटचे म्हणून तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

प्रथम प्रिंटरला घरच्या वायफायचे नाव व पासवर्ड द्यावा. मग संगणकाच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स’ उघडावे. प्रिंटरचे नाव बहुधा तेथे आपोआप दिसते. खोक्यावर ‘एअरप्रिंट’ हा शब्द असलेल्या प्रिंटरला सहसा निराळा ड्रायव्हर लागत नाही. खरेदी करावयाची असल्यास एवढे पाहून घ्यावे. एचपीचा जुना प्रिंटर असेल तर ‘एचपीलिप’ हे मोफत सॉफ्टवेअर बसवावे. नाव दिसलेच नाही, तर ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’, अपूर्णविराम आणि ६३१ हा आकडा इंग्रजीतून टंकित करावा, म्हणजे कप्सचे पान उघडते. तेथे प्रिंटर स्वहस्ते नोंदवता येतो. मध्येच पासवर्ड विचारला जातो, तो संगणक सुरू करताना आपण देतो तोच.

येथवर कोणीही पोहोचतो. खरी अडचण आठ दिवसांनी येते, आणि ती माझ्याच घरी आली. सायंकाळी वीज गेली, तासाभराने आली. मी दोन पानांचा अहवाल छापावयास दिला, कागद हलेना. पुन्हा आज्ञा दिली, पुन्हा दिली. प्रिंटर बिघडला असे ठरवून मी झोपलो.

बिघडले काहीच नव्हते. राउटर घरातील प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. हा पत्ता भाड्याच्या बिऱ्हाडासारखा असतो. वीज जाऊन आली की राउटर नव्याने वाटणी करू शकतो. प्रिंटर नव्या बिऱ्हाडी गेला होता आणि संगणक जुन्याच दारावर थाप मारीत होता. यास्तव राउटरच्या पानावर जाऊन प्रिंटरचा पत्ता त्याच्या नावे राखून ठेवावा. ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ अशा नावाची सोय बहुतेक राउटरांत असते. आपल्याकडे विजेचा जो लहरीपणा आहे, तो पाहता हे काम पहिल्याच दिवशी करावे.

आणखी एक. प्रिंटर सापडला नाही की कप्स कित्येकदा त्यास ‘थांबविलेला’ ठरवते, आणि पत्ता दुरुस्त केल्यावरही तो थांबलेलाच राहतो. त्याच पानावर जाऊन त्यास पुन्हा सुरू करावे लागते. मात्र तत्पूर्वी रांगेत साचलेली कामे रद्द करावीत. मी ती केली नव्हती. सकाळी चहा घेत असता त्या अहवालाच्या पाच प्रती एकामागून एक बाहेर पडल्या, आणि घरच्यांनी त्यावर जे भाष्य केले ते या सभेत सांगण्याजोगे नाही.

कप्सच्या चाचणीपानात मराठी मजकूर नसतो, म्हणून पहिले पान छापताना ‘विद्यार्थी’, ‘प्रश्नपत्रिका’ असे जोडाक्षरांचे शब्द स्वतः लिहून पाहावेत. जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टमधील मजकूर, तो फॉन्ट संगणकावर नसल्यास, निरर्थक चिन्हांत दिसतो. असा मजकूर मूळ संगणकावरूनच पीडीएफ करून आणावा.

मागील खोलीत लिनक्सचा एक संगणक, राउटर व प्रिंटर मांडून ठेवला आहे. भोजनानंतर तेथे राउटर मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करू. पत्ता राखून ठेवण्याचे काम आपणांपैकी कोणीतरी करावयाचे आहे.