सावकार, मामलेदार आणि सेनानी



यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर येथे जगदंबेच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूला बारामतीच्या एका सावकाराची आठवण व्हावी, असे वरवर पाहता काही कारण नाही. परंतु शेजारच्या वणी तालुक्यात मंदर नावाचे गाव आहे. रघूजी भोसल्यांनी आपले चुलते कान्होजी यांना पकडले ते त्या गावाजवळ, आणि सेनासाहेबसुभ्याचे पद त्यानंतर रघूजींकडे स्थिर झाले. याच रघूजींनी १७४० साली पेशवेपदासाठी ज्या गृहस्थाचा पक्ष घेतला, त्याचे नाव बाबूजी नाईक जोशी बारामतीकर. व्यापार, कारभार आणि शिपाईगिरी या तिन्ही वाटा एका आयुष्यात चालून पाहणारा हा पुरुष आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

नाईकांचे घराणे पेढीवाल्यांचे. बाबूजींचे बंधू आबाजी यांना बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई दिलेली होती; म्हणजे नाईक हे पेशव्यांचे व्याही आणि सावकारही. त्या काळी सावकाराचे महत्त्व किती होते, हे ध्यानी घेतले पाहिजे. शिलेदाराला मोहिमेपूर्वी नालबंदी द्यावी लागे, घोड्यांना रोज दाणा लागे. चौथाईचा पैसा मात्र मोहीम यशस्वी झाल्यावर येई, आणि तोही पुरता येईलच असा भरवसा नसे. मधले अंतर सावकाराच्या थैलीने भरून निघे. बाजीरावांनी उत्तरेत जो पराक्रम गाजविला, त्याच्या पाठीशी तलवारीइतकेच कर्जरोखेही होते.

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदातीरी रावेरखेडी येथे बाजीरावांचे देहावसान झाले. रघूजी त्या वेळी कर्नाटकच्या स्वारीत गुंतले होते. ते फौज तिकडेच ठेवून साताऱ्यास आले आणि बाबूजींना पेशवाई मिळावी म्हणून त्यांनी खटपट केली. शाहू महाराजांनी ती मानली नाही. वस्त्रे बाजीरावांचे पुत्र बाळाजी यांना मिळाली. तेव्हा बाबूजींनी आपले खरे शस्त्र उपसले, ते तगाद्याचे! विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या नव्या पेशव्यांना वडिलांच्या देण्यासाठी त्यांनी सळो की पळो करून सोडले. अखेर महादोबा पुरंदऱ्यांनी आपली पत पणाला लावून धन्याची सुटका केली. हा उपकार पेशव्यांनी पुढे कधी विसरला नाही.

पेशवाई हुकली तरी बाबूजींची उमेद खचली नाही. कृष्णा आणि तुंगभद्रा या नद्यांमधील मराठ्यांच्या हक्कांचा मक्ता त्यांनी महाराजांकडून दरसाल सात लाख रुपयांस घेतला आणि अक्कलकोटच्या फत्तेसिंह भोसल्यांसमवेत ते कर्नाटकात उतरले. सावकार आता मामलेदार झाला होता आणि सेनानीही. परंतु वसुलीसाठी फौज हवी, फौजेसाठी वसूल हवा, अशा फेऱ्यात ते सापडले. मुलखातून विरोध झाला, फौजेचा खर्च वाढत गेला, आणि ज्या मक्त्यासाठी त्यांनी एवढी धडपड केली त्यानेच त्यांचे कंबरडे मोडले. १७४६ च्या अखेरीस सदाशिवरावभाऊ कर्नाटकात गेले आणि तिकडील सूत्रे पेशव्यांच्या हाती आली.

बाबूजींच्या अंगी धाडस नव्हते, असे कोण म्हणेल? माझ्या मते चूक वेगळीच आहे. स्वारीचा खर्च झेपेल काय, हा प्रश्न सावकाराने विचारावयाचा. रयतेला वसूल सोसेल काय, हा कारभाऱ्याने. आणि शत्रू आटोपेल काय, हा सेनापतीने. तिघे वेगळे असले म्हणजे एक दुसऱ्याचा हात धरतो. तिघे एकच झाले की हात धरणारा कोणी उरत नाही. इंग्रजांची कंपनीदेखील व्यापारी, राज्यकर्ती आणि फौजबंद होती. तिचा व्यापार बंद करून केवळ कारभार तिच्याकडे ठेवण्याचा कायदा १८३३ साली पार्लमेंटला करावा लागला. आज आपल्याकडे फौजेचा खर्च संसद मंजूर करते, त्याचा हिशेब स्वतंत्र अधिकारी तपासतो आणि सरकारी नोकराला व्यापार करण्याची मनाई आहे. ही बंधने पुष्कळांना जाचक वाटतात. त्यांनी बाबूजींचा जमाखर्च एकदा डोळ्यांपुढे आणावा.

तथापि या गृहस्थाला निरोप देताना त्यांच्या खात्यावरील एक मोठी जमा सांगितलीच पाहिजे. पन्हाळ्याचा एक तरुण पुराणिक बारामतीस आला आणि नाईकांच्या आश्रयाने तेथेच राहिला. तो म्हणजे कवी मोरोपंत. कऱ्हेकाठी त्यांनी आयुष्यभर काव्यरचना केली. सात लाखांचा मक्ता बुडाला. पुराणिकाला दिलेले वेतन मात्र आजही मराठी भाषेला व्याज देत आहे.