थ्रॉलच्या पोरांची नावं
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



आज मी गोऱ्यांच्या देवांवर बोलणार आहे. हसू नका. ओडिन, थॉर, त्याचा तो हातोडा, हे सगळं तुम्ही सिनेमात पाहिलंय. मी सांगतो ती गोष्ट सिनेमात नाही. ‘रीग्सथुला’ नावाचं एक जुनं नॉर्स काव्य आहे. आइसलँडच्या चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितात ते सापडतं.

रीग नावाचा देव पायी हिंडत निघतो. पहिल्या घरात पणजोबा-पणजी. कोंड्याचा जाडाभरडा पाव खायला घालतात. देव तीन रात्री नवरा-बायकोच्या मधे झोपतो. नऊ महिन्यांनी पोरगं होतं, काळं, राठ हातांचं. त्याचं नाव थ्रॉल, म्हणजे गुलाम. दुसऱ्या घरी आजोबा-आजी. तिथे जन्मतो कार्ल, शेतकरी. तिसऱ्या घरी बाप-आई, पांढरं कापड, गव्हाचा पाव, दारू. तिथे यार्ल, सरदार. गोरा, सापासारख्या डोळ्यांचा.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे तोंड, बाहू, मांड्या, पाय. तिकडे तीन घरं. पंडितांनी ह्या तुलनेवर पुष्कळ लिहिलंय, त्यांचं त्यांना लखलाभ. मी नावांपाशी अडकलो.

थ्रॉलच्या पोरांची नावं ऐका. गोठ्यातला. घाणेरडा. ओबडधोबड. गोमाशी. ओंडका. वाकलेला. पोरींची: चिंध्यावाली, करकोच्याच्या तंगड्यांची. कामं काय, तर शेतात खत टाकायचं, डुकरं पोसायची, शेळ्या राखायच्या. माझ्या आज्याचं नाव कचरू. आजी म्हणायची, पोरं जगत नव्हती म्हणून ठेवलं. असेलही. पण मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो की शूद्राचं नाव जुगुप्सित असावं. देव दोन, समुद्र वेगळे, आणि बारशाची अक्कल एकच!

पुढे रीग परत येतो. कुणाकडे? यार्लकडे. त्याला रून अक्षरं शिकवतो, आपलं नाव देतो, मुलगा म्हणतो. थ्रॉलच्या दारात तो पुन्हा फिरकत नाही. अक्षर एकालाच.

त्याच रूनच्या धर्तीवरची दोन अक्षरं पुढे हिटलरच्या एसएसनं कॉलरवर लावली. १९३५ साली हिमलरनं ‘वाडवडिलांचा वारसा’ शोधायला आख्खी संस्था काढली. इकडे पुण्यात टिळकांनी १९०३ सालीच वेदांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवलं होतं. बाबासाहेबांनी १९४६ च्या शूद्रांवरच्या ग्रंथात आर्यवंशाची ती गोष्टच मोडीत काढली.

वारसा सांगणारे सगळे यार्लचेच नातू कसे? थ्रॉलचा नातू एकही पुढे येत नाही. पण रक्त लपत नाही. आइसलँडच्या लोकांचे जनुक तपासले. बापाकडून आलेला वंश तीन-चतुर्थांशाच्या आसपास स्कँडिनेव्हियाचा निघाला. आईकडून आलेला निम्म्याहून जास्त ब्रिटन-आयर्लंडचा. त्यातल्या कितीतरी बाया व्हायकिंगांनी पकडून आणलेल्या. म्हणजे ज्या आईचं दूध प्याले तिचं नावच वंशावळीत नाही.

आणि थ्रॉल मुकाट होता असं समजू नका. आइसलँडच्या वसाहतीची जुनी बखर आहे, ‘लांडनामाबोक’. तिच्यात यॉर्लेव नावाचा मालक आहे. आयर्लंडहून दहा गुलाम पकडून आणलेले. बैल एकच, म्हणून ह्यानं गुलामांना नांगराला जुंपलं. त्यांनी काय केलं? बैल मारला आणि सांगितलं, अस्वलानं खाल्ला. मालक माणसं घेऊन अस्वल शोधायला रानात पांगला, तेव्हा एकेकाला गाठून संपवला. मग होडी घेऊन समोरच्या बेटांवर गेले.

मालकाचा दोस्त इंगोल्व मागावर आला. त्यानं बरेच कापले, बाकीच्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. दुफ्थाक त्यांचा म्होरक्या. त्या कड्याला त्याचंच नाव पडलं. आणि बेटांना ‘वेस्टमन’, पश्चिमेच्या माणसांची बेटं. पश्चिमेची माणसं म्हणजे तेच आयरिश गुलाम. नकाशावर अजून तेच छापतात.