परदेशीं विद्येसाठीं निघतांना

नागपुराहून अमरावतीच्या रस्त्यानें निघालें कीं वाडी लागते. तेथील एखाद्या घरचा मुलगा वा मुलगी परदेशीं शिकावयास निघाली, म्हणजे घरांत प्रथम चर्चा होते ती लोणच्याची आणि लोकरीच्या कपड्यांची. कागदपत्रें मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकललीं जातात.

या प्रसंगीं डॉ. आंबेडकरांचें उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. 1913 सालीं सयाजीराव महाराजांनीं दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठांत गेले. पुढें दहा वर्षे बडोद्यास नोकरी करण्याची तींत अट होती. 1916 त ते लंडनला आले. पण 1917 त मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें. निराळ्या बोटीनें धाडलेले त्यांचे ग्रंथ युद्धांत बोटीबरोबरच बुडाले. तथापि चार वर्षांच्या आंत परत येण्याची परवानगी त्यांनीं लंडन विद्यापीठाकडून मिळविली होती. पगारांतील शिल्लक व स्नेह्याचें कर्ज घेऊन ते 1920 त पुन्हां गेले आणि 1923 त डी.एस्‌सी. झाले.

म्हणून शिष्यवृत्तीची वा कर्जाची मुदत व अटी सही करण्यापूर्वीं वाचाव्या. गुणपत्रिकेवरील व पासपोर्टावरील नांव अक्षरशः एक असावें. मूळ कागद हातांतल्या पिशवींत, नकला घरीं ठेवाव्या. अभ्यास मध्येंच थांबल्यास पुन्हां येण्याची परवानगी लेखी घ्यावी. वडीलधाऱ्यांनीं बरणी बांधण्याआधीं एवढें पाहावें.